मामीची रजा

फौजी सुट्टीवर येणार म्हटलं की आमच्या आजोळी अर्ध्या गावाचं लक्ष कामातून उडत असे. हे 1980 च्या दशकातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं सांगतोय. तालुका तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता; गोंदिया जिल्हा व्हायला 1 मे 1999 उजाडावा लागला. गोंदियाहून नागभीडकडे जाणारी रेल्वे छोट्या रुळांची होती आणि तिच्यातून उतरलेल्या फौजीला न्यायला बैलगाडी जाई. गाडीत आधी चढायची ती काळी लोखंडी पेटी. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. मग होल्डॉल. मग फौजी. घरी छपरीत पेटी उघडली की डांबरगोळ्या आणि बूटपॉलिश यांचा मिळून एक वास सुटायचा. आजीला लोकरीची शाल, मामीला साडी, आम्हां पोरांना शक्करपारे, आणि तळाशी कपड्यांत गुंडाळलेली कॅन्टीनची रम. आबा, म्हणजे आमचे आजोबा, ती सगळ्यांदेखत नको म्हणत आणि रात्री घेत.

आता फौजी फोनवर लोकेशन पाठवत येतो. नागपूर-बिलासपूर वंदे भारत 2022 च्या डिसेंबरपासून गोंदियाला थांबते, नागभीडची ती लाइन केव्हाच मोठी झाली, आणि पेटीच्या जागी चाकांची बॅग आली. याचं मला काही दुःख नाही. पेटी जड असे आणि ती उचलायला आम्हा पोरांनाच लावत.

आमच्या घरचे फौजी म्हणजे मोठे मामा. ते शेवटचे आले तेव्हा पेटी त्यांच्यासोबत नव्हती. ती पुढे मालगाडीने आली.

आमच्या आजोळचा पलटणीशी संबंध जुना. महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात उभी राहिली. बाबासाहेब त्या वेळी संरक्षणविषयक सल्लागार समितीवर होते आणि त्यांनी तिच्यासाठी पाठपुरावा केला होता. पुढे 1954 च्या पोटनिवडणुकीत ते भंडारा मतदारसंघातून उभे राहिले आणि पडले. पडलेल्या उमेदवाराचा फोटो घरोघरी लागल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. आजोळच्या घरात एका भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, समोरच्या भिंतीवर युनिफॉर्ममधले मामा. जमीन थोडी, पीक एकच धानाचं, आणि तेही तलावात पाणी असेल तर. मॅट्रिक झालेला, छाती भरणारा मुलगा भरतीच्या रांगेत उभा राहणार हे ठरलेलंच असे.

29 जुलै 1987 ला भारत-श्रीलंका करार झाला आणि शांतिसेना लंकेत उतरली. नाव शांतिसेनेचं, काम लढाईचं. 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी परत येईपर्यंत बाराशेच्या आसपास जवान कामी आले. 8 महारच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना 25 नोव्हेंबर 1987 च्या चकमकीतल्या शौर्यासाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आबा हे नाव पाठ म्हणून दाखवत. मामांची गाडी त्याच हिवाळ्यात सुरुंगावर गेली. तार आली. आबा पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात जाऊन आले आणि म्हणाले, “पाय वाचला. पोरगा बोलते, ओळखते. काई काळजी नाई.”

ते खरंच होतं. पाय वाचला होता.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला मामा मेडिकल बोर्ड होऊन, म्हणजे प्रकृतीच्या कारणानं फौजेतून सुटून, घरी आले. डावा पाय किंचित ओढायचा. कपाळावर, केसांच्या कडेला, बोटभर व्रण. बोर्डाच्या कागदावर अपंगत्वाचे टक्के लिहिलेले होते आणि ते पायाचे होते. गावाला तेवढं पुरेसं होतं. लंगडणारा फौजी ही गोष्ट समजायला सोपी असते.

समजेना ते जेवणाच्या ताटावरचं. मामा जेवायला बसायचे, दोन घास घ्यायचे आणि म्हणायचे, भाजीला चव नाही. मामी दुसऱ्या दिवशी तिखट वाढवायची. तरी चव नाही. कधी मीठ मागून मागून भाजी खारट करायचे आणि मग तीच ढकलून द्यायचे. एकदा लाखोरीच्या भाजीचं ताट अंगणात गेलं, मागून पाण्याचा गडवा गेला, आणि कोंबड्या ओरडत पळाल्या. आम्ही पोरं हसलो होतो. मामी हसली नाही. मामांना पूर्वी तिच्या हातचंच लागत असे. सुट्टीत आले की तिच्या अरशांसाठी आजीशी भांडत. आता तीच बाई त्यांना मुद्दाम बेचव खाऊ घालते असा त्यांचा ग्रह झाला आणि घरानं तो अर्धा मान्य केला. सून कामचुकार झाली, तिचं मन नवऱ्यावरून उडालं, वगैरे. आजी तर तोंडावर बोलून दाखवी.

मग एका संध्याकाळी मामी पाण्याला गेली होती. चुलीवर भात होता आणि चुलीसमोर हातभर अंतरावर मामा बसलेले होते. भात करपला, खाली लागला, काळा धूर निघाला, शेजारची बाई ओरडत धावत आली. मामा शांतपणे विडी ओढत होते. मामीनं पातेलं उतरवलं आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मोहाची ताजी फुलं त्यांच्या नाकाशी धरली. मग डांबरगोळी. मग घासलेट. मामांना काहीच कळलं नाही. सातवी शिकलेल्या मामीनं चुलीपाशी ही तपासणी केली आणि त्यातून तिला जे कळलं ते कुणा बोर्डाच्या कागदावर नव्हतं: मामांचा वास गेला होता, आणि वासाबरोबर चव.

हे नेमकं काय असतं ते मला फार पुढे, नागपूरच्या एका डॉक्टरांकडून कळलं. वासाच्या नसांचे बारीक धागे नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूत जातात. डोक्याला हिसका बसला, मेंदू कवटीत पुढे-मागे सरकला, की हे धागे तुटतात. आणि त्या हाडाच्या अगदी वरच मेंदूचा जो पुढचा, खालचा भाग टेकलेला असतो, तो आपल्याला आवरतो. राग आला तर थांब, हे चारचौघांत बोलू नको, आत्ता रडू नको, हे सांगणं त्याचं काम. म्हणून डोक्याला मार लागून ज्यांचा वास जातो त्यांच्यातल्या काहींचा स्वभावही सोबत बदललेला दिसतो. माणूस हट्टी होतो, चिडखोर होतो, किंवा उलट अगदी थंड होतो. मुलगा तापानं फणफणला तरी उठत नाही. काहींना हसू आलं की थांबत नाही, रडू आलं की थांबत नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे त्याला स्वतःला यातलं काही जाणवत नाही. त्याच्या दृष्टीनं तो आहे तसाच आहे, घर बदललं आहे.

चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरनं 1915 साली ‘शेल शॉक’वरचा आपला पहिला लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापला. त्याच्या शीर्षकातच तीन सैनिकांची स्मृती, दृष्टी, वास आणि चव गेल्याचं आहे. फ्रान्सच्या खंदकांत तोफगोळ्याजवळ सापडलेले ते तिघे आणि आमच्या चुलीपाशी विडी ओढणारे मामा यांच्यात पाऊणशे वर्षांचं अंतर होतं. मामीला मायर्स ठाऊक नव्हता. पण त्या दिवसापासून तिनं भाजीची चिंता सोडली आणि ताटात कुरकुरीत काहीतरी वाढायला लागली. पापड, भाजलेले शेंगदाणे, मुरमुरे. चव नाही तर निदान दाताखाली काही लागावं. ताटं फेकणं पुष्कळ कमी झालं.

गावाची रीत वेगळी होती. आजीनं आबांच्या चोरून पुजाऱ्याला बोलावलं. लिंबू उतरवले, कोंबडं दिलं. आबांना कळलं तेव्हा घरात जो गोंधळ झाला तो मामांच्या कुठल्याही रागापेक्षा मोठा होता. “बाबासायबाच्या फोटूखाली लिंबू ठेवता?” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. पुजाऱ्यानं बोट दाखवलं ते शेजारच्या एका एकट्या म्हातारीकडे, आणि काही महिने तिच्या अंगणातून कुणी जाईना. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली आला. त्या म्हातारीच्या तो काही उपयोगी पडला नाही. जुन्या दिवसांचे गोडवे गाताना हे मी स्वतःला मुद्दाम आठवून देतो.

तरीही त्या गावानं मामांसाठी काही गोष्टी केल्या आणि त्या करताना आपण काही करतो आहोत असं कुणाला वाटलं नाही. रोवणीच्या दिवसांत मामांना बांधीच्या धुऱ्यावर बसवत. बाया चिखलात वाकून ओळीनं पऱ्हे लावायच्या आणि मामा पेंढ्या मोजून पुढे फेकायचे. मोजणं त्यांना आवडे. चुकलं तर कुणाचं बिघडत नव्हतं. धान कापून पुंजणं रचलं की रात्री रानडुकरांपासून राखण लागते. त्या कामाला झोप न येणारा माणूस उत्तमच, आणि मामांना झोप येतच नसे. खळ्यावर एक शेकोटी, चुरणीच्या बैलांमागे फिरणारा एखादा पोरगा. घाई नाही, मोठा आवाज नाही, एका वेळी एकच काम. मेंदूच्या दुखापतीनंतर माणसाला असंच काम द्यावं, असं आजचे तज्ज्ञ सांगतात. त्याला मोठी नावं आहेत. आमच्याकडे त्याला राखण म्हणत.

दिवाळीत पाटलाचा मुलगा स्वतः फिरून पोरांना दम देई, “फौजीच्या घराकडं सुतळीबॉम नाई फोडायचा. त्याच्या डोस्क्यात मार हाये.” भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की रात्री गॅसबत्तीच्या उजेडात दंडार हे लोकनाट्य व्हायचं. मामा मागे झाडाला टेकून बघायचे आणि ढोलकी चढली की उठून तलावाकडे चालू लागायचे. कुणी हाक मारत नसे. कुणीतरी पोरगा अंतर ठेवून मागे जाई, एवढंच. बाजाराच्या दिवशी कधीकधी त्यांच्याजवळ गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतले एक म्हातारे येऊन बसत. ती वसाहत 1970 च्या दशकात वसली आणि वसाहतींमधल्या कित्येक तिबेटी तरुणांनी भारतीय फौजेच्या गुप्त तुकडीत नोकरी केली. दोघं काय बोलत कुणास ठाऊक. बहुधा काहीच नाही. चहा पीत.

आणि मामीची रजा. फौजेत जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक रजा आणि 30 दिवस किरकोळ रजा असते, हे मामांनीच मला सांगितलं होतं. मामीला रजा धाकट्या मामीनं दिली. रोवणी आटोपली की एकदा आणि मंडई झाली की एकदा, मोठी मामी आठ-दहा दिवसांसाठी माहेरी जायची. सडक अर्जुनीकडे तिचं माहेर. त्या दिवसांत मामांचं ताट, गोळ्या, रात्रीचं उठणं, राग, सगळं धाकटी बघे, आणि तिला जड जाई तेव्हा आजी. ठरवून दिलेलं नव्हतं. पण चुकलंही नाही. माहेराहून परत आलेली मामी मला आठवते. चेहरा भरलेला, आवाज मोकळा. पुढचे काही आठवडे तिला मामांचा राग लागत नसे. मग हळूहळू पुन्हा लागायला लागे.

एकत्र कुटुंबाचं कौतुक करणाऱ्यांना मी हेच सांगतो. त्याचं मोठेपण वडाच्या झाडाचं वगैरे नव्हतं. एकीच्या जागी उभी राहायला दुसरी बाई होती, इतकंच ते होतं. त्याची किंमतही त्या दोघींनीच दिली. मोठ्या मामीच्या दंडावर हिरवे-निळे डाग असत आणि विचारलं तर ती कोठ्यात गाईनं मारल्याचं सांगे. त्या गाईला आम्ही पोरं फार भीत असू. ती किती गरीब होती ते मोठेपणी कळलं. मामांचा मुलगा, आमचा दादा, वडिलांच्या पावलांवरून दिवस ओळखायला शिकला: पाय ओढत आले तर ठीक, टाच आपटत आले तर वाडीत निघून जायचं. हा मुलगा गणितात हुशार होता आणि वर्गात कधी हात वर करत नसे. आज तो पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे आणि घरात कुणी भांडं जोरात ठेवलं तर अजून उभा राहतो.

पेन्शन मात्र वेळेवर येई. पोस्टातून. काही अडलं तर भंडाऱ्याच्या सैनिक बोर्डात जावं लागे, म्हणजे पहाटेची गाडी, गोंदियाला बदल, आणि रात्री परत. आता जिल्ह्याचं ठिकाण गोंदिया, सैनिक कल्याण कार्यालय तिथंच, हयातीचा दाखला फोनवर. माजी सैनिकांसाठी 1 एप्रिल 2003 पासून ईसीएचएस आहे, म्हणजे आजारपणाचा खर्च बव्हंशी सुटला. गोंदियाला 2016 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. डोक्याला मार लागलेला माणूस आज काही तासांत सीटी स्कॅनखाली जातो. ही मोठी गोष्ट आहे आणि जुन्या काळाच्या प्रेमापोटी तिला लहान करणं कृतघ्नपणाचं होईल. मामांच्या डोक्याचा फोटो घरच्यांनी कधी पाहिला नाही.

आता देवरीकडचं एक घर सांगतो. माणूस केंद्रीय दलातून निवृत्त झालेला. बस्तरमध्ये त्याच्या पुढची गाडी सुरुंगात उडाली. हा मागच्या गाडीत. अंगावर ओरखडा नाही. कान काही दिवस गुणगुणले, डोकं दुखलं, ड्यूटी चालू राहिली. आमच्या बाजूच्या लोकांना सुरुंग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. शेजारच्या गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला 1 मे 2019 ला, ऐन महाराष्ट्र दिनी, पोलिसांची गाडी उडाली. 15 पोलीस आणि गाडीचा चालक गेले. अशा घटनेत मेलेल्यांची मोजदाद होते. शंभर मीटर मागे असलेल्यांची होत नाही. स्फोटाची लाट कवटीच्या आतूनही जाते. 2016 साली डॅनियल पर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फोटांजवळ राहिलेल्या अमेरिकन सैनिकांचे मेंदू मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा मेंदूच्या थरांच्या सीमांवर बारीक व्रण दिसले. हे व्रण जिवंतपणीच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत.

देवरीच्या वहिनींकडे फाइल आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत, नीट लावलेली. स्कॅन नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. “भाऊजी, सगळं नॉर्मल हाये,” त्या म्हणाल्या, “मंग हे कोण हायेत?” नवरा लहान मुलीचा वाढदिवस विसरतो आणि आठवण दिली तर दार लाथाडतो. बाजारात गर्दी झाली की घामाघूम. दुपारी चार वाजता थकून भिंतीकडे तोंड करून पडतो, जणू दिवसभर नांगर धरला. दारू पूर्वीइतकीच घेतो, पण ती आता दुप्पट चढते. दुखावलेल्या मेंदूला ती सोसत नाही आणि झटके येण्याचा धोका वाढतो, हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं आहे. तो ऐकून घेतो. वहिनींचं एक वाक्य मी विसरू शकत नाही. “विधवेला चार बाया येऊन बसतात तरी. माझ्याकडं कोणी काहाले येईल? माझा नवरा तर जित्ता हाये.”

अमेरिकेत पॉलिन बॉस यांनी 1970 च्या दशकात व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या बायकांशी बोलून यावर आयुष्यभराचं काम केलं. माणूस शरीरानं नाही पण मनात आहे, किंवा शरीरानं समोर आहे पण तो पूर्वीचा नाही. दोन्हींत शोक करायला जागाच मिळत नाही. तेरवी नाही, पुण्यानुमोदन नाही, कुणाचं सांत्वनाचं पत्र नाही. ग्लासगोच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात डोक्याला जबर मार लागलेल्यांच्या घरच्यांना पहिल्या वर्षी आणि पुन्हा पाचव्या वर्षी विचारलं. आपल्याला वाटेल काळानं दुःख कमी होतं. घरच्यांवरचा ताण पाचव्या वर्षी जास्त निघाला, आणि त्यांना लुळ्या हातापायापेक्षा बदललेला स्वभाव जड जात होता.

खडकीला अपंग सैनिकांना काम शिकवणारी, 1917 साली स्थापन झालेली क्वीन मेरीज संस्था आहे, पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी 1974 पासून तिथंच केंद्र आहे, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे. हात-पाय-कणा गेला तर देशाला काय करायचं ते साधारण कळतं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सातांवरून 21 प्रकार झाले. त्यांत ॲसिडहल्ला आहे, पार्किन्सन्स आहे, सिकलसेल आहे, जो आमच्या पूर्व विदर्भाचा जुना शत्रू. डोक्याला मार लागून बदललेला माणूस त्यांत स्वतःच्या नावानं नाही. त्याला कधी मानसिक आजाराच्या खिडकीवर उभं राहावं लागतं, कधी दुसऱ्या. वहिनींना मी हे सांगितलं नाही. फाइल आधीच जाड होती.

पण माझं खरं भांडण खिडक्यांशी नाही. देवरीच्या त्या माणसाला राखणीचं काम मिळणार नाही, कारण पुंजणंच राहिलेलं नाही. पंजाबातून हार्वेस्टर येतात, एका सकाळी बांध्या रिकाम्या होतात आणि धान ट्रॉलीत बसून सरळ खरेदी केंद्रावर जातं. खळं नाही, चुरणी नाही, रात्रीची शेकोटी नाही. शेतकऱ्याचे कष्ट वाचले, हे छानच. पण ज्या माणसाला हळू, एकट्यानं, मोजून करायचं काम हवं असतं त्याला देण्याजोगं शेतात काही उरलं नाही. त्याला सिक्युरिटी गार्डची नोकरी मिळते, म्हणजे दिव्यांचा लखलखाट, हॉर्न आणि वर सुपरवायझर. तीन ठिकाणी भांडण करून तो घरी बसला आहे.

मंडईत दंडारही आता डीजेच्या मागे लागते. रात्री दहाला आवाज बंद करायचा नियम 2000 सालापासून कागदावर आहे. आमच्याकडच्या मंडईत दहाला नुसती सुरुवात होते. भिंती थरथरतात, पत्रे वाजतात. मंडईच्या रात्री वहिनी नवऱ्याला घेऊन नवेगाव बांधच्या तलावाकडे निघून जातात, मुलीला शेजारी ठेवून. पाटलाच्या मुलासारखं दम देत फिरणारं कुणी नाही, कारण त्या घरात असं काही आहे हे गल्लीला ठाऊकच नाही. ठाऊक होऊ नये म्हणून वहिनीच झटतात. पूर्वी लपवायला जागाच नव्हती. आता प्रत्येकाच्या घराला लोखंडी गेट आहे.

आणि त्यांच्या घरी धाकटी मामी नाही. दीर सुरतेला, सासू थकलेली, जाऊ गोंदियात तिच्या मुलांच्या शिकवण्यांत. कुणी वाईट नाही. वहिनींचं माहेर तिरोड्याकडे, बसनं अर्ध्या दिवसाचं. लग्नानंतर दरवर्षी जाणारी ही बाई नवरा निवृत्त होऊन आल्यापासून तिथं एकदाही मुक्कामाला राहिलेली नाही. भावाच्या लग्नाला गेली ती संध्याकाळच्या गाडीनं परतली. फौजीची ड्यूटी संपली, हिची लागली, आणि हिच्या ड्यूटीला रजेचा कॉलम नाही. नवऱ्याच्या सरकारी इलाजाच्या कार्डावर तिचं नाव आहे, तिच्या दाढदुखीचा इलाज फुकट होईल. चार दिवस झोप मिळावी यासाठी मात्र कुठला फॉर्म नाही.

मामा 2009 साली गेले. शेवटच्या वर्षांत ते निवळले होते, किंवा मामी त्यांना इतकी ओळखायला लागली होती की राग येण्याआधीच वाट मोकळी करून देत असे. मामीला मी विचारलं होतं, त्या सगळ्या वर्षांत काय उपयोगी पडलं? मला वाटलं ती गोळ्यांचं नाव घेईल, नाहीतर पेन्शनचं. ती म्हणाली, “धाकटी होती म्हनून झालं.” धाकट्या मामीला शौर्यपदक द्यायची सोय नाही. तिनं स्वतः कधी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि मोठ्या मामीच्या तेरवीला मात्र सगळ्यांत जास्त तीच रडली.

7 डिसेंबरला ध्वजदिन येतो, 1949 पासून येतो. शाळेत, कचेरीत डबा फिरेल, त्यात पैसे टाकाच; ते सैनिकांच्या कुटुंबांसाठीच असतात. टेलिमानसचा 14416 हा फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात, आणि तो फक्त रुग्णासाठी नाही, त्याच्या बायकोनं केला तरी चालतो. हा नंबर तिच्या फोनमध्ये घालून द्या. गावच्या मंडई समितीत तुम्ही असाल तर डीजेचं तोंड त्या घराकडून फिरवा. आणि नात्यात, गल्लीत, तुमच्या जुन्या वर्गमित्रांत असा एखादा फौजी किंवा पोलीस असेल, तर वर्षातून दोनदा चार दिवस त्याच्याकडे मुक्कामाला जा. चुलीवरच्या भाताकडे लक्ष ठेवा, आणि त्याच्या बायकोला माहेरी पाठवा.